पाच दिवस फुकट

नेरुळ,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय पुतळा,

मी इथे मजेत आहे, जेवण पोटभर मिळतं.

सिस्टर लुसीने फळ्यावर लिहून दिलेलं हे वाक्य उतरवल्याशिवाय अजूनही माझा हात पुढे सरकत नाही. दर रविवारी चॅपलनंतर तासभर पत्रं लिहायची, पाकीट उघडंच द्यायचं, सिस्टर वाचणार आणि मगच त्याला डिंक लागणार. घरोघरच्या आयांना वाटायचं, बोर्डिंगात पोरी किती सुखात आहेत! आज आपल्या पत्रांवर कुणाचा पहारा नाही, तरी आपण दोघी पहिली ओळ तीच लिहितो. विलास हसतात. म्हणतात, "नेरुळहून तळवलीला पत्र जायला चार दिवस. चालत निघालीस तर त्याच्या आधी पोचशील." गुडघ्यांना विचारा म्हणावं.

तुझ्या डोळ्याचं काय झालं? दुसऱ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आता लांबवू नकोस.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. मी एक पुस्तक लिहिलंय. आपल्या बोर्डिंगच्या आठवणी, 'घंटेनंतरची पाच मिनिटं' असं नाव. छापलेलं नाही, फोनवर वाचायचं असतं ते ई-बुक. प्रकाशकांकडे फेऱ्या मारायचं हे वय नाही, म्हणून श्रुतीने ते माझ्याच नावाने चढवून दिलं. तीन महिन्यांत अकरा जणांनी घेतलं. त्यातल्या चार माझ्या नणंदा. अकरा वाचकांचं काय सांगायचं, म्हणून तुला लिहिलं नाही.

आता श्रुतीची नवी टूम. ती म्हणते, "आई, तुला ओळखतंय कोण? आधी फुकट दे. लोक वाचतील, चार ओळींचा अभिप्राय लिहितील, यादीत नाव वर जाईल, मग विकत घेतील. सगळे नवे लेखक हेच करतात." नव्वद दिवसांत पाच दिवस असं फुकट देता येतं म्हणे. येत्या २० तारखेपासून आमचे पाच दिवस. विलास एपीएमसीतून संत्री घेऊन आले होते. पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाले, "फळवाला चाखायला फोड देतो. तू अख्खी पेटीच वाटायला निघालीस."

मला आपली धाकधूक वाटते. इतकी वर्षं नोकरी केली, पण अनोळखी माणसासमोर मन उघडं करून ठेवायची सवय नाही.

तू काही वाचायच्या फंदात पडू नकोस. डोळे जप.

तुझी,
चारू

*

तळवली,
रविवार, १९ जानेवारी

प्रिय चारू,

मी इथे मजेत आहे, जेवण पोटभर मिळतं.

पुस्तक लिहिलंस आणि मला सांगायचं राहिलं? तुझा निबंध सिस्टर वर्गात वाचून दाखवायची तेव्हा टाळ्या मीच आधी वाजवायची, विसरलीस का? मला फार आनंद झाला. गोटीरामला लगेच सांगितलं. धाकटा भाऊ माझा गावातच असतो, फोनमधलं त्यालाच जास्त कळतं. तो म्हणाला, "ताई, फुकाट मिलतंय तं घेऊनच टाकू." माझे डोळे नाहीत तर नमिता वाचून दाखवील. सून माझी शिकलेली आहे, वाचते छान.

मी आहे का गं त्यात? असले तर काय घातलंस?

इथे नातीचं, मैत्रीचं टेन्शन आहे. अकरावीत गेली आणि आता म्हणते कॉलेज नको. नवरीचा मेकअप करायचा कोर्स करते, आपल्याकडे लग्नं किती होतात बघ, असं मलाच समजावते. कोर्स कर, पण बारावी झाल्यावर कर, एवढंच माझं म्हणणं. घरात माझ्याशिवाय कोणी तिला बोलत नाही. मी तिला नेहमीचंच सांगते. मला शाळा सोडायची नव्हती. माझ्यावर खोटा आळ आला आणि माझी शाळा गेली. तुझ्यावर आळ नाही, काही नाही, तू कशाला सोडतेस? ते ऐकलं की पोरगी गप्प होते. लहानपणी विचारायची, "आळ कोणी घेतला, आजी?" ते मी घरात कधी सांगितलं नाही.

विलासभावजींना नमस्कार.

तुझी,
पुतळा

*

नेरुळ,
रविवार, २ फेब्रुवारी

प्रिय पुतळा,

मी इथे मजेत आहे, जेवण पोटभर मिळतं. आज तर खरोखरच मजेत आहे.

तीन हजार आठशे बारा! पाच दिवसांत एवढ्या लोकांनी माझं पुस्तक घेतलं. श्रुती ऑफिसातून दर तासाला आकडा कळवत होती. तिसऱ्या दिवशी आठवणींच्या फुकट यादीत मी पहिली होते. मी देवापुढे दिवा लावला आणि मग सवयीने क्रूसाची खूणही केली.

अभिप्राय पण आले आहेत. नागपूरच्या एक बाई लिहितात, माझं बालपण परत मिळालं. एकाने एकच तारा दिलाय आणि लिहिलंय, "फुकट होतं म्हणून घेतलं, तरी महाग पडलं." विलासना तेवढा एकच पाठ झालाय.

तू विचारलंस ते. आहेस, पण ओझरती. आपल्या सगळ्याच मुलींचं थोडं थोडं आहे. नमिताला उगाच कामाला लावू नकोस. घरचं सगळं आवरून तिने हे कुठे वाचत बसायचं? मी पुढे-मागे छापून घेईन तेव्हा मोठ्या अक्षरातली प्रत स्वतः घेऊन येईन.

मैत्रीला रागावू नकोस. या वयात असंच असतं. तू सांगत राहा, तुझं ऐकेल ती.

तुझी,
चारू

*

तळवली,
रविवार, १६ फेब्रुवारी

चारू,

तुझं पत्र यायच्या आधीच पुस्तक आमच्या ओटीवर वाचून झालं होतं.

गोटीरामने गावच्या ग्रुपवर टाकलं, "आमच्या पुतळाताईचं नाव बुकात आलं हाय. फुकाट हाय, सगल्यांनी घ्या." विकत असतं तर तळवलीत कोणी हात लावला नसता. फुकट म्हटल्यावर ज्यांना वाचता येत नाही त्यांनीसुद्धा घेतलं. प्रजासत्ताक दिनाच्या दुपारी सगळे घरी होते. शेजारच्या जाईबाई आल्या, माझ्या दोन्ही जावा आल्या. मी इस्त्रीचं लुगडं नेसून बसले होते. तू माझ्यावर काय लिहिलंस ते ऐकायचं म्हणून.

नमिताने वाचलं. मी तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि उतरवून काढलं. तुझंच तुला पाठवते.

'पुतळाचं शिकण्यात मन नव्हतं. तिचा जीव शेतात, खाडीत, कोलंबीत. भाताची कापणी आली तसे तिचे वडील तिला न्यायला आले, आणि ट्रंक त्यांच्या डोक्यावर देऊन ती पुढे धावत सुटली. फाटकाशी वळून हसली. मला वाटतं, आम्हा सगळ्यांत सुखी तीच होती.'

जाईबाई म्हणाल्या, "किती ग्वाड लिवलंय." जावा हसल्या. मोठी म्हणाली, "आन आमाला इतकी वर्सं सांगते, आल आला, आल आला."

रात्री जेवताना मी मैत्रीला कॉलेजचं विचारलं, तेव्हा म्हणाली, "आजी, तुझं पण मन नव्हतंच ना? मग मला रोज कशाला लेक्चर?" मी म्हटलं, ते खरं नाही. म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय. तुझी बेस्ट फ्रेंडच लिहिते, ती कशाला खोटं लिहील?"

ती कशाला खोटं लिहील? याचं उत्तर मी ताटावर बसून शोधत होते.

मी तुला विचारलं होतं, मी आहे का त्यात. तू लिहिलंस, ओझरती. तीन पानं आहेत, चारू. नमिताने मोजली.

पुतळा

*

नेरुळ,
रविवार, २ मार्च

प्रिय पुतळा,

पहिली ओळ मीही लिहीत नाही.

तुझं पत्र मी बाल्कनीत उभ्याउभ्याच वाचलं. तुझ्या घरात असं काही होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कसं असणार? अकराच तर वाचक होते.

माझं थोडं ऐकून घे. आपलं वय झालं की जुन्या गोष्टी आपोआप गोड होतात. लिहिताना मला तुझ्या वेण्या दिसत होत्या, डब्यातली सुकट दिसत होती, तू चोरून मला दिलेले करवंदांचे द्रोण दिसत होते. ते चिठ्ठीचं प्रकरण मी मुद्दाम वगळलं. त्यात तुझं नाव खराब झालं असतं. लोकांना वाटलं असतं, मुलीने काहीतरी केलं असणार म्हणून काढलं. तुझी बदनामी नको, म्हणून मी पुस्तकात तुला हसत पाठवलं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

मंगळवारी मी पुस्तक काढून टाकलं. आता कुणाला ते मिळणार नाही. पण ज्यांनी घेतलंय त्यांच्याकडे ते राहणार. मी श्रुतीला म्हटलं, सगळ्यांकडचं पुसून टाक. ती म्हणाली, "आई, दुकानातून काढता येतं. लोकांच्या घरात शिरून कसं काढणार?"

तू म्हणशील ते वाक्य बदलते. 'शिकण्यात मन नव्हतं' याऐवजी 'घरच्या अडचणीमुळे शाळा सुटली' असं लिहिलं तर चालेल का? आणि मी एकदा तळवलीला येऊ का? समोरासमोर बोललं की मैत्री समजेल.

तुझी,
चारू

*

तळवली,
रविवार, ९ मार्च

चारू,

येऊ नकोस. तू आलीस की मी चहा ठेवीन, तू माझ्या डोळ्याची चौकशी करशील आणि बोलायचं राहून जाईल. आपलं पन्नास वर्षं असंच चाललंय.

माझी बदनामी नको म्हणून, असं तू लिहिलंस. ते वाचून मी पत्र घडी करून उशीखाली ठेवलं आणि दोन दिवस बाहेर काढलं नाही.

मला ठाऊक आहे, चारू. त्या दिवशी मदरच्या खोलीबाहेर मी उभी होते. मला बोलावून घेतलं होतं आणि दार नीट लागलेलं नव्हतं. तुझे बाबा आत होते. मदरने विचारलं, हे कोणी लिहायला सांगितलं, बाहेर कोणी नेलं? आणि तू काय म्हणालीस ते मी माझ्या कानांनी ऐकलं. तुझा आवाज बारीक होता, पण अडखळला नाही.

एका वर्षाने तुझं पहिलं पत्र आलं. वाटलं, यात असेल. नव्हतं. माझ्या लग्नाला आलीस, वाटलं, आता सांगशील. मग दर पत्राला वाटायचं. पुढे वाटायचं थांबलं आणि पत्रांची सवय राहिली. तुला ठाऊक नव्हतं की मला ठाऊक आहे, म्हणून मी ते घरातही कुणाला सांगितलं नाही. नाव घेतलं असतं तर या घरात तुला पाणी कोणी दिलं असतं?

तू गप्प होतीस तोवर मी सोसलं. पण आता तू लिहून ठेवलंस. माझ्याकडे माझं सांगणं एवढंच होतं. शिक्का नाही, सर्टिफिकेट नाही. ते तुझ्या फुकटच्या पुस्तकाने गेलं.

मैत्री सोमवारपासून कॉलेजला गेलेली नाही. ७ एप्रिलपासून तिची परीक्षा आहे. बसणार नाही म्हणते.

घरच्या अडचणीमुळे, असं मुळीच लिहू नकोस. माझ्या बापाने कधी अडचण सांगितली नाही.

पुतळा

*

नेरुळ,
रविवार, २३ मार्च

प्रिय पुतळा, चि. मैत्री, नमिता आणि घरातील सर्व मंडळी,

हे पत्र विलास स्वतः घेऊन येत आहेत. चार दिवस थांबायला वेळ नाही. पाकीट मी चिकटवलेलं नाही. बोर्डिंगात पत्र उघडं द्यायची आम्हाला चीड होती. हे पत्र उघडंच द्यायचं आहे. मैत्रीने ओटीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. माझं पुस्तक जिथे वाचलं तिथेच.

मैत्री, बाळ, मी तुझ्या आजीची मैत्रीण चारुलता. काय झालं ते सांगते.

आम्ही नववीत होतो. मला बोर्डिंग आवडत नव्हतं, घरी जायचं होतं. म्हणून मी बाबांना चोरून एक पत्र लिहिलं. त्यात लिहिलं की सिस्टर मला अंधाऱ्या खोलीत कोंडतात, डाळीत अळ्या असतात. दोन्ही खोटं होतं. तुझी आजी महिन्यातून एकदा शनिवारी घरी जायची. मी ते पत्र तिला दिलं. आत काय आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने फक्त एवढंच विचारलं, "मना पकडलं तं?" मी म्हटलं, नाही पकडणार. सुकटीच्या रिकाम्या डब्यात घालून तिने ते नेलं आणि टपालपेटीत टाकलं.

बाबा आले, पण मला न्यायला नाही. पत्र मदरच्या टेबलावर ठेवून त्यांनी मला विचारलं, हे खरं का? मी घाबरले. म्हणाले, "मला पुतळाने शिकवलं. तिनेच लिहायला लावलं, तीच घेऊन गेली." माझी फी भरणारे बाबा तिथे बसले होते. पुतळाची जागा शाळेने फुकट दिलेली होती. मदरला ठरवायला वेळ लागला नाही.

तिचं शिकण्यात मन होतं. गणितात ती वर्गात पहिली होती, मी नापासाच्या काठावर. रात्री ती मला त्रैराशिक शिकवायची.

ती धावत गेली नाही. कापणीचे दिवस नव्हते, जून होता, पेरणीची गडबड होती. पेरणी टाकून तिचे वडील आले होते. मदरला देण्यासाठी त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या फडक्यात बांधून, आणि ते फडकं हातात तसंच घेऊन ते परत निघाले. ट्रंक त्यांच्या डोक्यावर होती. मी वरच्या खिडकीत होते. फाटकाशी पुतळाने वळून पाहिलं. हसली नाही. मी पडद्याआड झाले.

पुस्तक लिहिताना त्या फाटकाशी येऊन मी आठ दिवस थांबले होते. मग तिला हसवलं आणि पुढे गेले. मला वाटलं, तिच्यापर्यंत हे जाणारच नाही. खरं सांगायचं तर अकराच वाचक आहेत याचं मला बरं वाटत होतं. आणि मग प्रसिद्धीचा मोह पडला आणि मी तेच पुस्तक तीन हजार आठशे बारा घरांत फुकट वाटलं.

विलासना हे मी परवा सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ते म्हणाले, "पेटी वाटून झाली, आता त्यातलं नासकं फळ परत मागणार?" थोड्या वेळाने म्हणाले, "पत्ता दे. पत्र मी नेतो."

ती तीन पानं मी नव्याने लिहिली आहेत, आज इथे लिहिलंय तशीच. पुस्तक २१ एप्रिलपासून पुन्हा पाच दिवस फुकट असेल. जुनं ज्यांच्याकडे आहे त्यांतले किती जण नवं घेतील कोण जाणे. बहुतेक कुणी घेणार नाही. त्या लोकांच्या फोनमध्ये पुतळा फाटकाशी हसतच राहील आणि त्याला माझा इलाज नाही.

तुमच्या ओटीवर मात्र इलाज आहे. गोटीरामभाऊ, या पत्राचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाका. हेही फुकटच आहे.

मैत्री, कॉलेजला जा किंवा जाऊ नकोस, ते मी सांगणारी कोण? पण आजीचं मन नव्हतं, हे कारण देऊ नकोस. ते कारण मी तयार केलं होतं.

पुतळा, मी माफी मागत नाही. मागितली की तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

चारुलता

*

तळवली,
रविवार, १३ एप्रिल

चारू,

जेवण पोटभर मिळतं. पहिली अर्धी ओळ अजून लिहवत नाही.

विलासभावजी आले तेव्हा आम्ही वाल सोलत होतो. पाकीट माझ्या हातात दिलं आणि चपला न काढता उभे राहिले. मी चहा म्हटलं, तर म्हणाले, "आधी वाचून होऊ द्या. मग विचारा, चहा द्यायचा का." मैत्रीने वाचलं. भाकऱ्यांच्या फडक्यापाशी आली आणि तिला पुढे वाचता येईना, मग नमिताने पुरं केलं. ती भाकऱ्यांची गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती. परत जाताना बापाने त्या मला वाटेत खाऊ घातल्या होत्या. तू त्या वरून पाहिल्या होत्यास, हे मला माहीत नव्हतं.

जाईबाई तुला वाईट बोलल्या. मी अडवलं नाही. भावजींना चहा दिला.

गोटीरामने फोटो टाकला. बुकाच्या वेळी सगळ्यांनी वर केलेले अंगठे टाकले होते. या वेळी दोन दिवस कोणीच काही लिहिलं नाही. मग मोठ्या जावेने हात जोडलेलं चित्र टाकलं. कोणाला जोडले ते तिलाच ठाऊक.

मैत्री माझ्याशी आठवडाभर नीट बोलत नव्हती. एका रात्री अंथरुणावर येऊन विचारलं, "आजी, तू तिच्याशी पन्नास वर्षं कशी बोललीस?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही, चारू. सोमवारी सकाळी ती कॉलेजचा ड्रेस घालून आली. म्हणाली, "आज पेपर आहे, जाऊन येते." कोणता, विचारलं तर म्हणाली, गणित. बाकीचे पेपर पण देतेय. बारावीला जाईल का, ते सांगत नाही. मी विचारत नाही.

तुझ्या नव्या तीन पानांत माझं नाव तेच ठेव. आणि मी गणितात पहिली होते असं लिहिलंस ते खोटं आहे. दुसरी होते. पहिली यायची ती पनवेलची पोर, तिचं नाव मला आता आठवत नाही. तेवढं दुरुस्त कर. आता सगळं खरंच जाऊ दे.

उघडं पत्र एकदा झालं. पुढचं चिकटवून पाठव.

पुतळा